पेंगुळ्याची बावीस अंकांची ओळ

तिला सगळे चळत म्हणत. खरं नाव होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. पक्षिकेंद्रात आलेल्या माणसाने तिचं टेबल एकदा पाहिलं की हे नाव का पडलं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे. कपावर कप, पुस्तकावर पुस्तक, त्यावर चष्म्याचं घर आणि त्याच्याही वर अर्धा खाल्लेला ब्रेड. मधली एखादी वस्तू मागितली की ती वरच्या सगळ्या एकेक करून बाजूला ठेवी, हवी ती देई आणि मग पुन्हा होतं तसं रची. मधूनच ओढून काढणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"अगं, ती खालची कात्री नुसती सरकव की इकडे," मामा म्हणत.

"तिचा नंबर यायचाय अजून, मामा."

"कात्रीचा नंबर! हे केंद्र आहे का दवाखाना?"

मामा म्हणजे पक्ष्यांची देखभाल करणारे. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचेच होते. घरट्यातून पडलेली पिल्लं, आई मेलेली अंडी, पाय मोडलेले बगळे, सगळं त्यांच्याकडे यायचं. आणि त्यांनी वाढवलेले पक्षी एकदा उडून गेले की पुढचं काम चळतीकडे. ते कुठे आहेत, जिवंत आहेत का, हे तिच्या यंत्राला कळायचं.

लहानपणापासून ती अशीच. अर्धी इथे, अर्धी कुठे तरी. तिला आत्याने वाढवलं. आत्याचं कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. इस्त्रीच्या टेबलाखाली बसून ही वर बघत राही. ओल्या कापडाची ऊबदार वाफ, इस्त्रीचा जड आवाज, आणि घडी केलेल्या चादरींची उंच उंच होत जाणारी चळत. तिला वाटे, त्या घड्यांमध्ये एकेक दिवस झोपलाय. सगळ्यात खाली सोमवार, सगळ्यात वर आजचा. गिऱ्हाईक येऊन वरची चादर घेऊन गेलं की तिला हुरहुर लागे, आता आजचा दिवस कुणाच्या तरी पलंगावर जाणार.

शाळेत बाई विचारत, "काय गं, खिडकीबाहेर काय आहे एवढं?"

"काही नाही बाई. म्हणूनच बघतेय."

पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि एका मोठ्या ऑफिसात लागली. तिथे काम सुरू करायच्या आधीच सगळे विचारत, झालं का? ती कावरीबावरी होई. वर्षभराने तिने तो नाद सोडला आणि दलदलीच्या काठावरच्या या केंद्रात आली. इथलं यंत्र जुनं होतं, ते चालवणारा माणूस निघून गेला होता आणि त्या यंत्राची भाषा केंद्रात कुणालाच येत नव्हती. लांबट बैठी इमारत, पत्र्याचं छप्पर, मागे जाळीचं आवार आणि यंत्राच्या खोलीची खिडकी सरळ तलावाच्या पाण्यावर उघडणारी. सकाळी धुकं इतकं दाट यायचं की खिडकीला पलीकडची बाजूच नाही असं वाटे. तिने पहिल्याच दिवशी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि तिथे ती कायमची रमली.

त्या यंत्राची भाषा तिला पहिल्या भेटीतच आवडली. त्या भाषेत गोष्टी ठेवायला एकच जागा होती, चळत. आकडा आला की तो चळतीवर ठेवायचा. दुसरा आला की पहिल्याच्या वर. काम करायचं ते वरच्यावर, आणि वापरलं की ते गेलं. दोन, तीन, बेरीज, असं लिहायचं. आधी दोन ठेवले, त्यावर तीन ठेवले, मग बेरीज म्हटलं, की दोन्ही जाऊन तिथे पाच उरे.

तिने हे आत्याला कौतुकाने सांगितलं, तेव्हा आत्याने इस्त्री उभी ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"यात काय नवल? आपण तसंच तर बोलतो. दोरीवरचे कपडे काढ. टेबलावरचा चिमटा दे. आधी वस्तू, मग काम. बाकीच्या भाषा काय आधी 'काढ' म्हणून ओरडतात आणि मग सांगतात काय काढायचं ते?"

"हो गं, अगदी तसंच करतात."

"मग तुझं डोकं त्या ऑफिसात दुखायचं त्यात तुझा काय दोष?"

या भाषेत आणखी एक सोय होती. आपले शब्द आपण ठरवायचे. चळतीने सगळे शब्द मराठीत ठरवून टाकले. काप, उलट, टाक, दाखव. धुक्यात बसून ती लिही, ओळ तीन काप, आणि यंत्र मुकाट्याने ओळीचे दोन तुकडे करी.

पक्ष्याच्या पाठीवर काड्यापेटीएवढी डबी बसवलेली असे. ती डबी आपल्या इवल्याशा पट्टीवर ऊन खाऊन चालायची आणि अर्ध्या अर्ध्या तासाने आकाशातल्या उपग्रहामार्फत एक ओळ पाठवायची. बावीस अंक, एकाला एक चिकटलेले. मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. पक्ष्याच्या पाठीवर स्वल्पविरामालाही वजन असतं, असं चळत म्हणे. म्हणून ओळ कुठे कापायची ते आधीच ठरलेलं होतं. पहिले तीन अंक पक्ष्याचा क्रमांक, पुढचे चार वेळ, मग सहा अक्षांशाचे, सहा रेखांशाचे आणि शेवटचे तीन बॅटरी किती भरली त्याचे.

कापायची रीतही साधी. तीनवर कापलं की क्रमांक खाली राही आणि उरलेली ओळ त्याच्या वर. मग त्या उरलेल्या ओळीला चारवर कापायचं. प्रत्येक वेळी मोजणी नव्याने, वरच्या तुकड्याच्या तोंडापासून. असं करत गेलं की शेवटी पाच तुकड्यांची एक छोटीशी चळत तयार व्हायची. मग ते वरून एकेक उचलून जागच्या जागी ठेवायचे. हा कापून उचलण्याचा प्रोग्रॅम तिने वसंतात, नव्या डब्या आल्या तेव्हा, एका धूसर दुपारी लिहिला होता. लिहून झाल्यावर डबी पिशवीत टाकून ती तलावाभोवती फिरली, बाजारात गेली, आत्याच्या दुकानात जाऊन बसली. पडद्यावरच्या नकाशात ठिपका बरोबर तिच्यामागे फिरला. अगदी काटेकोर नसेल, पण एवढ्या लहानशा डबीकडून कुणी किती अपेक्षा ठेवायची?

त्या उन्हाळ्यात पेंगुळ्या मोठा झाला.

पेंगुळ्या म्हणजे करकोच्याचं पिल्लू. त्याचं अंडं वादळात पडलेल्या घरट्यातून आलं आणि मामांनी ते उबवण्याच्या पेटीत ठेवलं. चोचीत मासा धरून पिल्लू तसंच झोपी जायचं, म्हणून पेंगुळ्या. त्याला माणसाची सवय लागू नये म्हणून मामा अंगावर करड्या कापडाचा झगा आणि हातात लाल कापडाची लांब चोच चढवून त्याला भरवत. आवारात शिरले की तोंडातून शब्द काढत नसत. बाहेर आले की मात्र सगळी कसर भरून काढत.

"आज तीन मासे खाल्ले आणि चौथा उशाशी घेऊन झोपला. हा काय उडणार? हा गादी मागणार आहे एक दिवस."

पण उडाला. उन्हाळा उतरता उतरता, तापलेल्या एका दुपारी तो गरम हवेवर गोल गोल चढत गेला आणि दिसेनासा झाला. त्याच्यामागे आवारात दोघी राहिल्या, मोठी आणि धाकटी. याही अनाथ, मामांनीच वाढवलेल्या, पण उशिरा जन्मलेल्या. त्यांची पिसं अजून पुरी व्हायची होती.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाई सरळ माणूस. बोलायच्या कमी, पण बोलल्या की पाळायच्या. त्या म्हणाल्या, "रानातली पिल्लं थव्याबरोबर जातात. आपण हाताने वाढवलेल्याला कुठे जायचं ते कळतं का, हे आपल्याला माहीत नाही. पेंगुळ्या नीट गेला तर या दोघींनाही सोडू. नाही तर प्राणिबागेत देऊ. तिथे निदान जगतील."

जगतील, म्हणजे पंखांची पिसं छाटून, जाळीखालच्या सिमेंटच्या तळ्यात. एकदा तिथे गेलेला पक्षी तिथलाच होतो, हे मामांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी ते झगा काढायच्या आधीच यंत्राच्या खोलीत येऊ लागले.

"कुठवर पोचले आमचे साहेब?"

चळत ओळ कापी, ठिपका टाकी. पहिले काही दिवस पेंगुळ्या जवळच रेंगाळला. मग ठिपका निघाला. सरळ पश्चिमेला.

"पश्चिमेला?" मामा पडद्याजवळ वाकले. "करकोचे दक्षिणेला जातात. पश्चिमेला आहे काय?"

"समुद्र."

"मग वळेल. झोपेत असेल."

तो वळला नाही. किनारा आला, मागे गेला आणि ठिपका निळ्या रंगात शिरला. मामांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बोटीवर बसला असेल. बघ हं, कुणी खलाशी त्याला मासे देत असणार आणि हा डेकवर तंगड्या पसरून झोपलेला असणार."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी बोटीचाच विनोद केला. तिसऱ्या दिवशी केला नाही.

चळतीला त्या दिवसांत जागेपणीही समुद्र दिसे. कपडे वाळत घालताना दोरीवरच्या चादरीच्या जागी लाटा, आणि लाटांवर एक लांब पायांचा पक्षी, पाय बुडू नयेत म्हणून ते उचलून धरलेला. आत्याशी बोलता बोलता ती मध्येच थांबे. आत्या म्हणे, "आलीस का परत? का मी एकटीच चहा घेऊ?"

"आत्या, पाण्यावर गरम हवा वर चढत नाही. करकोच्याला समुद्र ओलांडता येत नाही. पंख मारून मारून तो दमतो."

"मग तो तिकडे गेलाच कशाला?"

"त्याला वाट दाखवायला कुणी नव्हतं म्हणून."

आत्याने तिच्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, "तुलाही कुणी नव्हतं. तू बरोबर माझ्या टेबलाखाली आलीस."

सोमवारी प्राणिबागेची गाडी येणार असं ठरलं. डॉक्टरबाईंनी ते मामांना आवाराच्या दाराशी सांगितलं, चळत तिथेच उभी होती.

"मला आनंद नाही होत हे सांगताना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आपण त्यांना मरायला सोडू शकत नाही."

"डबी तर अजून बोलतेय ना, बाई," मामा म्हणाले.

"डबी तरंगते, मामा. पक्षी नाही तरंगत."

मामांनी झगा चढवला आणि ते आत गेले. जाळीच्या आत मोठी आणि धाकटी त्यांच्या लाल कापडी चोचीला आपल्या चोची लावून टकटक टकटक करत राहिल्या.

ती दुपार शनिवारची. केंद्रात सामसूम होती. दिवस आणि रात्र सारखे लांब असण्याचे ते दिवस. उन्हाला धार नव्हती, पंखा संथ फिरत होता आणि चळत पडद्यावरच्या ओळींकडे नुसतीच बघत बसली होती. तिने नकाशा बंद केला होता. तिला निळा रंग बघवत नव्हता. न कापलेल्या ओळी एकीखाली एक वाहत होत्या, बावीस बावीस अंकांच्या, पावसाच्या सरींसारख्या. तिचे डोळे मिटू लागले. अर्धवट झोपेत तिला ओळींची फक्त उजवी कड दिसत राहिली. शेवटचे तीन अंक, बॅटरीचे. ते हळूहळू उतरत, मग चढत, मग उतरत. पक्ष्याच्या छातीसारखे. ऊन गेलं की उतरणार, ऊन आलं की चढणार. रोज सकाळी पहिला चढ कधी, ते वेळेचे चार अंक सांगत होते.

रोज सकाळी, त्याच वेळी.

चळत खुर्चीत सरळ बसली.

पश्चिमेला जाणाऱ्याकडे सूर्य उशिरा पोचतो. हे काही मोठं ज्ञान नव्हे, शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पेंगुळ्या समुद्रावर इतका लांब गेला असेल, तर तिच्या घड्याळाप्रमाणे त्याची सकाळ आता तासाभराहून जास्त उशिरा व्हायला हवी होती. डबी तरंगत असो नाही तर बोटीवर असो, सूर्य तिच्यासाठी घाई करणार नव्हता. आणि इथे तर पेंगुळ्याची सकाळ तिच्याच खिडकीबरोबर उजाडत होती. तो निघाला तेव्हाही, आणि आजही.

म्हणजे तो पश्चिमेला गेलेलाच नव्हता.

तिने आपला प्रोग्रॅम उघडला आणि ओळ कापायला घेतली, या वेळी हाताने, एकेक तुकडा मोठ्याने म्हणत. क्रमांक खाली. त्यावर वेळ. त्यावर अक्षांश. त्यावर रेखांश. सगळ्यात वर बॅटरी. आता वरून उचलायचं. बॅटरी, बरोबर. त्याच्या खालचा तुकडा...

तिने तिथे लिहिलं होतं, अक्षांश.

तिने डोळे चोळले. वरून दुसरा तुकडा रेखांशाचा होता. शेवटी ठेवला तो आधी येणार, हा या भाषेचा पहिला धडा. पण आपण बोलताना कधी रेखांश-अक्षांश म्हणतो का? अक्षांश-रेखांश म्हणतो, एका दमात, सुईदोरा म्हणतो तसं. त्या धूसर दुपारी तिच्या हाताने यंत्राचं ऐकलं नव्हतं, जिभेचं ऐकलं होतं. मध्ये फक्त एक 'उलट' हवा होता, वरच्या दोन तुकड्यांची अदलाबदल करणारा. तो राहून गेला होता.

मग इतके महिने कुणाला कळलं कसं नाही? तिला हसूही आलं आणि रडूही. कारण त्यांचं गावच तसलं होतं. गावाचे अक्षांश आणि रेखांश जवळजवळ सारखे होते, अंशही तेच आणि पुढचे दोन आकडेही तेच. पृथ्वीच्या पाठीवर अशी एकच तिरकी रेघ जाते आणि गाव बरोबर तिच्यावर वसलं होतं. तिथे दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली तरी माणूस फार तर तलावाच्या या काठावरून त्या काठावर जाणार. म्हणून डबी पिशवीत घेऊन फिरताना ठिपका तिच्यामागे शहाण्यासारखा फिरला. चूक उघडी पडायला कुणी तरी गाव सोडून लांब जायला हवं होतं. आणि दक्षिणेला जाणाऱ्याचा अक्षांश कमी कमी होतो. तोच रेखांश समजला की नकाशावर तो पश्चिमेला निघतो, नाकासमोर, समुद्रात.

तिने एक शब्द लिहिला. उलट. सगळ्या जुन्या ओळी पुन्हा कापायला लावल्या आणि नकाशा उघडला.

एकेक ठिपका उमटत गेला. पेंगुळ्या तलावावरून उठला, टेकड्यांच्या कडेकडेने दक्षिणेला गेला, एका रुंद नदीला येऊन मिळाला आणि मग तिचा हात सोडलाच नाही त्याने. नदी वळली की वळला. आणि प्रत्येक संध्याकाळचा ठिपका पाण्याच्या काठी होता. नदीचं बेट, शेतातलं तळं, पाणथळ. रोज वेळेवर झोपला होता तो. चळतीने पडद्यावर बोट ठेवून त्या संध्याकाळी एकेक करून पाहिल्या आणि तिला वाटलं, आपणही त्या प्रत्येक ठिकाणी एका पायावर उभं राहून झोपून आलो आहोत.

मग ती धावली. चळत धावताना केंद्रात कुणी कधी पाहिली नव्हती. मामा बादली घासत होते, ते घाबरून उभे राहिले.

"काय गं? काय पडलं?"

"मामा, तो समुद्रात नाही! कधीच नव्हता. माझी चूक. दोन तुकडे मी उलटसुलट उचलले."

"कसले तुकडे? कुणाचे तुकडे?" मामांच्या हातातली बादली सुटली.

"ओळीचे हो! पेंगुळ्या नदीकाठी आहे. दक्षिणेला. जिवंत आहे, आजच सकाळी तीस-चाळीस कोस उडालाय."

मामा बादलीवरच बसले, उपड्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे तू त्याला बुडवलंस, आणि तूच वर काढलंस?"

"हो."

"इतके दिवस मला जेवण गेलं नाही, बाई. तुझ्या आत्याला सांगून तुझे कान उपटायला हवेत." आणि ते इतक्या जोरात हसू लागले, की आवारातल्या दोघी माना उंच करून बघू लागल्या. मामांनी पटकन तोंडावर हात दाबला.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. "मला पहिल्यापासून दाखव. उद्या तू येऊन म्हणशील, परत उलटं झालं."

चळतीने दाखवलं. सूर्य दाखवला, ओळ कापून दाखवली, संध्याकाळचे ठिपके दाखवले. डॉक्टरबाईंनी प्रत्येक ठिकाणी जवळ जाऊन पाहिलं, खाली पाणी आहे की नाही.

"एक पक्षी पोचला म्हणजे सगळे पोचतील असं नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही," चळत म्हणाली.

"वाटेत तारा आहेत, शिकारी आहेत."

"आहेत."

"आणि ही चूक तुझ्याकडून पुन्हा झाली तर?"

"ही नाही होणार. दुसरी एखादी होईल."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. खिडकीबाहेर पाण्यावर ऊन पसरलं होतं. "रानातले थवे जवळजवळ गेलेच आहेत. अजून थांबलं तर वारा फिरेल. मामा, दोघींना डब्या बसवा. उद्या दार उघडू. गाडीचं मी बघते."

रविवारी दुपारी, जमीन चांगली तापल्यावर, मामांनी आवाराचं मोठं दार उघडलं आणि अंगातला झगा सावरत बाजूला झाले. डॉक्टरबाई आणि चळत इमारतीच्या सावलीत उभ्या होत्या. मोठी आधी बाहेर आली. तिने गवतात चार ढांगा टाकल्या, मान वाकडी करून आकाशाकडे पाहिलं, जणू कुणी तिला वरून हाक मारली. मग ती धावली, पंख पसरले आणि पत्र्याच्या छपरावरून, टाकीवरून, तलावावरून गोल गोल चढत गेली. इतकी सहज, की चळतीला वाटलं, हवेत जिना आधीपासूनच होता.

धाकटी हलली नाही.

ती दारात उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मामांनी लाल चोच हलवून पाहिली. तिने त्या चोचीकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ऊन चढलं. डॉक्टरबाईंना फोन आला, त्या आत गेल्या. जाता जाता हळूच म्हणाल्या, "ओढाओढ करू नका. दार उघडं राहू दे. आज नाही तर उद्या. उद्याही नाही, तर मग बघू."

मामाही दमले. झगा काढून मागे नळावर हातपाय धुवायला गेले. सगळे येणारे जाणारे दारापासून लांबून, इमारतीला वळसा घालून जाऊ लागले, झोपलेल्या माणसाच्या पलंगाजवळून जावं तसे.

चळत तिथेच भिंतीला टेकून बसली. तिला कुठे जायचं नव्हतं. दुपार लांबत गेली. गवतावरून गरम वारा येई, तिच्या कपाळावरचे केस हलवी आणि मग धाकटीची पिसं हलवी. दोघींनाही डुलकी लागली असावी. चळतीला स्वप्न पडलं की नाही, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. वाफ होती, पांढऱ्या चादरी होत्या, आणि वरची चादर कुणी तरी अलगद उचलत होतं.

ती जागी झाली तेव्हा दार रिकामं होतं.

तिने वर पाहिलं. धाकटी फार उंच नव्हती, झाडांच्या शेंड्यांएवढी. पंख मारत होती, घाबरल्यासारखे, फार भराभर. एकदा ती खालीही आली, छपराला पाय लागतील इतकी. चळत उभी राहिली, मामांना हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तेवढ्यात धाकटीला खालून वर येणारी हवा सापडली. पंख थांबले, ताठ झाले. ती एका बाजूला कलली, एक गोल घेतला, मग त्याहून मोठा, आणि प्रत्येक गोलात तलाव तिच्याखाली लहान होत गेला.

चळत बघत राहिली. मान दुखू लागली, डोळ्यांत पाणी आलं, उन्हाने म्हणा. तो ठिपका पांढऱ्या ढगाच्या कडेला पोचला आणि दक्षिणेच्या बाजूने बाहेर पडला, तेव्हाच तिने नळाकडे तोंड करून हाक दिली.

"मामा! तुमची धाकटी गेली हो!"

मामा साबणाच्या हातांनी धावत आले. "कुठे? कुठे गेली?"

"तिकडे."

मामांनी डोळ्यांवर साबणाचा हात धरला. त्यांना काही दिसलं नाही, पण ते बराच वेळ तिकडेच पाहत उभे राहिले.